कार्मेन मॅक्रेची सारा वॉनला श्रद्धांजली : पण साराच्या वाटेने का गेली नसेल?

मध्यलय
शुक्रवार, रात्री ११:५२

गेले तीन आठवडे एकच अल्बम ऐकतेय. आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून धागा काढतेय.

अल्बम अमेरिकन जॅझ गायिका कार्मेन मॅक्रेचा, नाव 'सारा : डेडिकेटेड टू यू'. सारा वॉन ३ एप्रिल १९९० ला गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्मेनने तिची गाणी रेकॉर्ड केली आणि १९९१ मध्ये अल्बम आला. दोघींची ओळख १९४० च्या दशकापासूनची, न्यूयॉर्कच्या त्याच क्लबांमधली. कार्मेनचं वय तेव्हा सत्तरीच्या आसपास. पियानोवर शर्ली हॉर्न, जी स्वतःच मोठी गायिका होती. एरवी ती आपल्या गाण्याला आपणच पियानो वाजवायची, इथे मैफल दुसरीची म्हणून साथीला बसली आहे. बासवर चार्ल्स एबल्स आणि ड्रम्सवर स्टीव्ह विल्यम्स, ही तिचीच नेहमीची माणसं. बस, एवढंच. तंतुवाद्यांचा ताफा नाही, ब्रास नाही.

आता माझा प्रश्न. साराचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, तो तीन सप्तकं आरामात फिरायचा. खाली उतरली की खर्ज ऐकून आपण चपापतो. ओळीच्या शेवटच्या स्वरावर ती थांबायची, त्याला हलकेच थरथरवत न्यायची आणि भलत्याच ठिकाणी अलगद ठेवायची. कार्मेन तिकडे फिरकतच नाही. तिचा आवाज कोरडा, धारदार. शब्द बोलल्यासारखे येतात, ओळ संपली की संपली. 'मिस्टी', 'टेंडरली', 'सेंड इन द क्लाउन्स', सगळी साराची हुकमी गाणी. पण साराची म्हणावी अशी एकही हरकत मला त्यात सापडलेली नाही.

नवरा म्हणतो, "मग ही साराला श्रद्धांजली कशी? मला तर तिची आठवणसुद्धा येत नाही." मला मात्र ओळीओळीला साराच आठवते. हे का होतं? आणि मोठ्या गायकाला मानवंदना द्यायची तर त्याच्यासारखं गावं की आपल्यासारखं? तुमचे अनुभव लिहा, जॅझमधलेच हवेत असं नाही.

वरण_भात_लिंबू
शुक्रवार, रात्री ११:५९

पहिला!

जॅझमधलं मला काही कळत नाही, पण वाचतोय. सारा वॉन कोण ते दोन ओळींत सांगता का?

मध्यलय
शनिवार, रात्री १२:१४

दोन ओळींत बसणार नाही, चार घेते. जन्म १९२४, न्यू जर्सीतलं नुअर्क. लहानपणी चर्चमध्ये गायची आणि ऑर्गन वाजवायची. १९४२ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरमधली हौशी गायकांची स्पर्धा जिंकली. तिथून अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गेली, मग बिली एक्स्टाइनच्या. तिथे सोबतीला चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी होते, म्हणजे बीबॉप, जॅझची तेव्हाची नवी शैली, जन्माला येत होती तेव्हा ही मुलगी त्याच खोलीत बसलेली होती. सूर लावायचं तिचं धाडस मला तिथलंच वाटतं. लोक तिला लाडाने 'सॅसी' म्हणायचे.

वरण_भात_लिंबू
शनिवार, सकाळी ९:०६

धन्यवाद! सकाळी पोहे करताना मोबाईलवर लावायला सांगितलं, "जरा ती सॅसी लाव." आई म्हणाली, "सासूला कशाला कामाला लावतोयस?" आता घरात सारा वॉनचं नाव कायमचं 'सासूबाई' झालंय. पण गाणं आईलाही आवडलं हां. पोहे खाली लागले तरी ते तिने बंद करू दिलं नाही.

नाट्यवेडा
शनिवार, सकाळी १०:३१

मध्यलय, तुमच्या यजमानांच्या बाजूने एक मत नोंदवतो.

मी नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस. एखाद्या थोर गायकाच्या नावाने कार्यक्रम लावला की श्रोता तिकीट काढून का येतो? त्याला तो काळ पुन्हा भेटायचा असतो. गाणारा समोर कोण आहे याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. ज्याच्या नावाने आपण उभे आहोत त्याच्या जागा जशाच्या तशा घेता आल्या पाहिजेत, आणि त्या घेणं सोपं नाही. गळ्यावर वर्षानुवर्षं मेहनत लागते. नक्कल म्हणून त्याला हिणवणारे बहुतेक ती करू शकत नाहीत. स्वतःच्याच पद्धतीने गायचं असेल तर अल्बमला स्वतःचं नाव द्या, दुसऱ्याचं कशाला?

अनवट
शनिवार, सकाळी ११:१५

नाट्यवेडा, आदर ठेवून असहमत.

जॅझ गायिका डी डी ब्रिजवॉटरचं उदाहरण देतो, कारण तिने दोन्ही करून पाहिलंय. १९८० च्या दशकात बिली हॉलिडे या थोर जॅझ गायिकेच्या आयुष्यावरच्या संगीतनाटकात तिने बिलीची भूमिका केली, आधी पॅरिसला आणि मग लंडनला. तिथे ती बिलीच्या आवाजात बोलायची आणि गायची, रंगमंचाची ती गरजच होती. पुढे २०१० मध्ये तिने बिलीच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. नावातच बिलीचं जन्मनाव आहे, एलिनोरा फेगन. सोबत जेम्स कार्टर, ख्रिश्चन मॅकब्राइड, लुइस नॅश अशी खणखणीत मंडळी, आणि पियानोवादक एडसेल गोमेझचं संगीत संयोजन. यात बिलीचा आवाज काढायचा नाही असं तिने ठरवूनच टाकलं होतं. गाणी बिलीची, आवाज पूर्ण डी डीचा. २०११ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

नाटक होतं तेव्हा पात्र व्हावंच लागतं. अल्बमात पात्र कशाला व्हायचं?

नाट्यवेडा
शनिवार, सकाळी ११:४०

ग्रॅमी मिळालं म्हणजे श्रद्धांजली जमली असं होत नाही. पण भूमिका आणि अल्बम यांतला फरक तुम्ही बरा दाखवलात. विचार करतो.

जुनी_कॅसेट
शनिवार, दुपारी १:०२

वा, कार्मेनवर मराठीत धागा! माझं वय आता बहात्तर. नागपूरला होतो तेव्हा रात्री शॉर्टवेव्हवर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा विलिस कोनोव्हर लागायचा. तो इतकं सावकाश इंग्रजी बोलायचा की आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या पोरांनाही कळायचं. सूर येई, जाई, मध्येच कुठलं तरी चिनी स्टेशन घुसे. तिथे सारा ऐकली पहिल्यांदा. नंतर नोकरीला मुंबईत आलो. १९७८ ला निरंजन झवेरींच्या जॅझ इंडियाने पहिली जॅझ यात्रा भरवली त्यात सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स ऐकला. पगार झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये जायचं आणि एक कॅसेट घ्यायची, एकच, हा नेम. आता ते दुकानही नाही.

मूळ मुद्द्याकडे येतो. कार्मेनला हे काम नवं नव्हतं. तिची खरी देवी बिली हॉलिडे. पोरवयात कार्मेनने 'ड्रीम ऑफ लाइफ' नावाचं गाणं लिहिलं आणि ते १९३९ मध्ये खुद्द बिलीने रेकॉर्ड केलं. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या शाळकरी मुलीने चाल बांधावी आणि हिराबाईंनी ती गावी, असं समजा. बिली १९५९ मध्ये गेली. दोन वर्षांनी कार्मेनने तिच्या गाण्यांचा अल्बम केला. १९८३ च्या थर्टीफर्स्टला न्यूयॉर्कच्या ब्लू नोट क्लबमध्ये पुन्हा सगळी बिलीचीच गाणी गायली. एरवीही कुठल्या मैफलीत बिलीचं एखादं गाणं घेतल्याशिवाय ती उठत नसे.

एवढी भक्ती असूनही ती बिलीसारखी गायली नाही. बिलीकडून एकच गोष्ट उचलली, शब्दाला मान द्यायचा आणि लयीच्या जरा मागे रेलून गायचं. बाकी सगळं तिचं स्वतःचं. सारासाठी गाताना ती वेगळं काही करेल ही अपेक्षाच चूक.

मध्यलय
शनिवार, दुपारी १:२०

काका, हे 'ड्रीम ऑफ लाइफ'चं मला माहीतच नव्हतं. तुमच्याकडे त्या काळच्या कॅसेट अजून आहेत का?

जुनी_कॅसेट
शनिवार, दुपारी १:३३

आहेत, बुटांच्या खोक्यांत. बुरशी धरलीय थोड्यांना. सून म्हणते टाका. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसून उन्हापासून लांब ठेवतो. साराच्या दोन अजून नीट वाजतात.

वरण_भात_लिंबू
शनिवार, दुपारी १:३६

काका, सासूबाईंना बुटाच्या खोक्यात ठेवलंत हे घरी सांगू नका.

मडगांवचो
शनिवार, दुपारी ३:४८

नाट्यवेडा जे म्हणतात ते आमच्या गोंयकारांना पटेल, कारण आमचे लोक नक्कल करूनच जॅझ शिकले. मी गोव्यातला, मराठी शाळेत शिकलो, घरी कोंकणी.

पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, पोरांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गायला, शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा. कागदावरचं संगीत डोळे मिटून वाचतील अशी पोरं तयार व्हायची. पोट भरायला मुंबईला जायची आणि ताजमहाल हॉटेलात, क्लबांत वाजवायची. तिथे जॅझ कागदावर नव्हतं, रेकॉर्डवर होतं. सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून उतरवून घ्यायचं. चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, यांना तर लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे. ट्रंपेट तसाच, गाणं तसंच, हातातला रुमालसुद्धा तसाच. पण पुढे हेच चिक सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावर दिसतो. ते संगीत ऐका, त्यात आर्मस्ट्राँग कुठे संपला आणि चिक कुठे सुरू झाला ते मला तरी सांगता येत नाही. मजोर्ड्याचे आंतोनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनांकडे अरेंजमेंट करणारे सेबास्तियन डिसोझा, सगळे याच वाटेने गेले.

म्हणून मी म्हणतो, नक्कल वाईट नाही. ती पहिली पायरी आहे. फक्त सत्तराव्या वर्षी त्याच पायरीवर बसायचं का, हा प्रश्न.

पेटीवाला
शनिवार, रात्री १०:१७

मडगांवचो, तुमच्या प्रतिसादानंतर लिहिल्याशिवाय राहवेना.

मी पेटीची साथ करतो, वीसेक वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एका गावात जुन्या नाट्यपदांचा कार्यक्रम होता. गाणारी मुलगी तयारीची, गुरूंनी छान घडवलेली. आयोजकांनी आधीच बजावलं होतं, रेकॉर्डवर आहे तसंच हवं. दुसऱ्याच पदात तिने एक तान रेकॉर्डपेक्षा वेगळी घेतली. चांगली होती, मी मान हलवली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तिथल्या तिथे मोठ्याने मूळची तान म्हणून दाखवली. म्हणजे 'ही अशी आहे, बाळ.' तिचा चेहरा उतरला. पुढची सगळी पदं तिने रेकॉर्डवरहुकूम म्हटली, आणि खरं सांगतो, मला त्यातलं एकही आठवत नाही. ती एक तान मात्र आजही पेटीवर वाजवून दाखवेन.

आता मोठ्या माणसाचं. कुमार गंधर्व लहानपणी काय करायचे? मोठमोठ्या उस्तादांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब म्हणून दाखवायचे, लोक थक्क व्हायचे. 'गंधर्व' ही पदवी त्या वयातली. म्हणजे नक्कल त्यांच्याइतकी कुणाला जमली नसेल. आणि त्याच माणसाने पुढे बालगंधर्वांची पदं गायचा कार्यक्रम केला तेव्हा नाव काय दिलं? 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या 'उमजलेले'मध्ये सगळं आलं. बालगंधर्व जसे होते तसे मी दाखवतो, असा त्यांचा दावाच नव्हता. मला ते कसे दिसले, एवढंच. मध्यलय, तुमच्या अल्बमचं नाव मराठीत करायचं झालं तर मी तेच करीन, 'मला उमजलेली सारा'.

अनवट
शनिवार, रात्री १०:२५

पेटीवाला, या प्रतिसादासाठी धागा वर राहायला हवा.

नाट्यवेडा
शनिवार, रात्री १०:५८

पेटीवाले, कुमारांचं नाव घेतलंत, आता मी काय बोलणार. वडील मात्र कुमारांच्या त्या कार्यक्रमावर शेवटपर्यंत रागावलेले होते. त्यांच्या लेखी बालगंधर्व म्हणजे दैवत, आणि दैवताला कुणी 'मला उमजलं तसं' सजवत नाही. मी ती रेकॉर्ड त्यांच्या माघारी ऐकली. आवडली. त्यांना कधी सांगितलं नाही.

रात्रपाळी
रविवार, पहाटे ३:२०

कामावर आहे, सर्व्हर शांत आहेत म्हणून सविस्तर लिहितो. कुणीतरी गाणी शेजारी शेजारी लावून पाहायला हवीत, नाहीतर आपण हवेत बोलतोय.

'सेंड इन द क्लाउन्स' घ्या. गाणं स्टीफन साँडहाइमचं, १९७३ च्या 'अ लिटल नाइट म्युझिक' या संगीतिकेतलं. ज्या अभिनेत्रीसाठी लिहिलं त्या ग्लिनिस जॉन्स, आणि त्यांना लांब दमसास नव्हता. म्हणून साँडहाइमने मुद्दाम तुकड्या-तुकड्यांच्या ओळी केल्या, प्रश्नासारख्या, दर दोन-चार शब्दांनी श्वास घेता येईल अशा. एका वय झालेल्या नटीचं ते बोलणं आहे. चूक आपलीच होती, आणि ती कळली तेव्हा फार उशीर झाला होता.

साराने हे गाणं घेतलं आणि त्याचं देऊळ बांधलं. तिला श्वासाची ददात नव्हती. शेवटाकडे स्वर असा चढवत न्यायची की ऑपेरा ऐकतोय असं वाटावं. तिच्या शेवटच्या काळातल्या मैफलींत हे गाणं हवंच, लोक त्याचीच वाट पाहत बसायचे.

आता कार्मेन. तिने साराचं देऊळ बांधलं नाही. ती पुन्हा त्या तुकड्यांवर आली. शब्द, श्वास, शब्द. शर्ली हॉर्न मागे एक सूरसमूह दाबते आणि तो विरेपर्यंत दुसरा देत नाही. ही हॉर्नची खासियत, तिच्याइतकं संथ कुणी वाजवत नसे. मला आधी वाटलं, ही रिकामी जागा का ठेवलीय? पाचव्या-सहाव्या वेळी लक्षात आलं की त्या रिकाम्या जागेत मी साराचा तो चढलेला स्वर मनात म्हणतोय. माझ्या डोक्यात तो पाठच आहे.

आणि एक गोष्ट. या अल्बमनंतर १९९१ च्या मे महिन्यात ब्लू नोटमधल्या एका मैफलीनंतर कार्मेनच्या फुप्फुसांनी दगा दिला. त्यानंतर ती लोकांसमोर गायली नाही. १९९४ मध्ये गेली. म्हणजे मैत्रिणीसाठी केलेला हा तिचा शेवटचा अल्बम. ऐकताना आपल्याला पुढचं माहीत असतं, तिला नव्हतं.

पेटीवाला
रविवार, सकाळी ७:४५

रात्रपाळी, तुम्ही 'रिकामी जागा' म्हणालात आणि मी चहा ठेवून उठलो.

आमच्यात 'जागा घेणं' म्हणतात ना, अमुक एका ठिकाणी बालगंधर्वांची जागा, अमुक ठिकाणी मास्टर दीनानाथांची. ती विशिष्ट हरकत. साराच्या या गाण्यांत तिच्या जागा ठरलेल्या आहेत, ऐकणाऱ्याला पाठ. कार्मेनने त्या घेतल्या नाहीत, सोडल्या. घरात गेलेल्या माणसाची पाटावरची जागा काही दिवस आपण सोडतो तशी. तिथे दुसरं कुणी बसत नाही.

मडगांवचो
रविवार, सकाळी ८:१०

देव बरें करूं, पेटीवाले. सकाळी सकाळी असं लिहू नका, मासळी आणायला जायचंय आणि डोळे पुसत बसलोय.

वरण_भात_लिंबू
रविवार, सकाळी ८:३२

काय आणताय? बांगडे असतील तर रेसिपीचा वेगळा धागा काढा.

मडगांवचो
रविवार, सकाळी ८:३५

मोरी मिळाली तर आंबट तिखट. नाही तर बांगडेच.

एडिसनकरीण
रविवार, सकाळी ९:२२

इथे अजून शनिवारची रात्रच आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, साराचं नुअर्क ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर. २०१६ मध्ये तिचं टपाल तिकीट निघालं तेव्हा मी दोन पानं घेतली, एक लावायला, एक ठेवायला. तिचं गातानाचं जे चित्र मनात होतं त्याच्या आसपासचंच ते निघालं म्हणून फार आनंद झाला होता.

नुअर्कच्या परफॉर्मिंग आर्ट्स सेंटरमध्ये साराच्या नावाने जॅझ गायकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. एका वर्षी मी अंतिम फेरीला गेले होते. मला वाटलं होतं, सगळ्या मुली साराची गाणी साराच्या ढंगात गातील, शाळेच्या गॅदरिंगला आपल्याकडे लताबाईंची गाणी गातात तशी. पण एकीचा आवाज फुंकर घातल्यासारखा, एक नुसती तालाशी खेळत होती, एक तर स्वतःच्या भाषेतले शब्द घेऊन आली होती. सभागृहातली नुअर्कची म्हातारी माणसं, ज्यांनी साराला चर्चमध्ये ऐकलं असेल, ती खुर्चीतून उठून टाळ्या देत होती. नाट्यवेडाकाकांचे वडील तिथे असते तर बहुधा उठून गेले असते. (काका, रागावू नका, माझे आजोबाही तसेच होते.)

माझ्या मुलीने मला परतीच्या ट्रेनमध्ये विचारलं, "मग यात सारा कुठे होती?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पेटीवाल्यांचा प्रतिसाद तिला आत्ता वाचून दाखवला. तिला 'पाट' समजावून सांगावा लागला, पण समजलं.

अनवट
रविवार, सकाळी ११:०५

थोडं अवांतर. नॅटली कोलने १९९१ मध्ये वडिलांच्या, नॅट किंग कोलच्या, गाण्यांचा अल्बम केला. त्यात शीर्षकगीतात १९६५ मध्ये गेलेल्या बापाच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर आपला आवाज चढवून 'युगुलगीत' केलं. ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. म्हणजे योगायोग पाहा, एकाच वर्षी दोन श्रद्धांजल्या, एकीत गेलेला माणूस प्रत्यक्ष गातोय आणि दुसरीत त्याची एक हरकतसुद्धा नाही. आणि आता तर संगणकाने गेलेल्यांचे आवाज नव्याने घडवता येतात. २०२४ मध्ये रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज तसे वापरले, घरच्यांची परवानगी आणि मानधन देऊन. 'हुबेहूब' हवं असेल तर ते यंत्र देईल. मग माणसाने गायचं ते कशासाठी?

जुनी_कॅसेट
रविवार, दुपारी १२:१०

नॅटलीला यात ओढू नका. मुलीला वडिलांसोबत एकदा गावंसं वाटलं, एवढंच ते आहे. मी ते गाणं लावलं की आमची ही अजून पदराने डोळे टिपते. त्याला यंत्राच्या पंक्तीला बसवू नये.

अनवट
रविवार, दुपारी १२:१९

खरं आहे काका. दोन गोष्टी एकत्र करायला नको होत्या.

एडिसनकरीण
रविवार, दुपारी १२:३०

आपल्याकडचं उदाहरण राहिलंच की. लताबाईंनी १९९२ मध्ये 'श्रद्धांजली' केलं, सैगल वगैरे आधीच्या आणि बरोबरच्या गायकांची गाणी. त्यांनी सैगलचा आवाज काढायचा प्रयत्न केला का? नाही. आणि सैगल तर त्यांचं दैवत. झोपते आता.

नाट्यवेडा
रविवार, रात्री ९:४०

दिवसभर धागा वाचत होतो. रात्रपाळींनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही 'क्लाउन्स' लागोपाठ ऐकले, आधी सारा, मग कार्मेन. इंग्रजी शब्द सगळे पकडता येत नाहीत म्हणून ते समोर उघडून ठेवले.

सारा ऐकून मी भारावलो, ते अपेक्षितच होतं. कार्मेन पहिल्यांदा ऐकताना पुन्हा तेच वाटलं, कोरडी आहे. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र मला आमच्या गुरुजींची आठवण झाली. ते त्यांच्या गुरूंचं पद शिकवताना एका ठिकाणी नेहमी थांबायचे. हाताने खूण करायचे, की इथे गुरुजी अमुक करायचे. स्वतः ते कधीच म्हणायचे नाहीत. मी विचारलं होतं, दाखवा ना. म्हणाले, "ते त्यांचं." इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना ते जमत नसावं.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. जागा जशीच्या तशी घेणाऱ्याची मेहनत मी कमी लेखणार नाही, आणि पेटीवाल्यांच्या त्या पहिल्या रांगेतल्या गृहस्थांचं प्रेमही. त्यांनी त्या मुलीला तिथे टोकायला नको होतं, एवढं मात्र नक्की. ती मुलगी अजून गाते का?

पेटीवाला
रविवार, रात्री ९:५२

गाते. पुढच्या महिन्यात साथीला मीच आहे. ती तान घ्यायला सांगतो.

मध्यलय
रविवार, रात्री ११:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एक सांगायचं राहिलंय.

आज जेवणं झाल्यावर नवरा भांडी घासत होता. मी हॉलमध्ये तोच अल्बम लावला होता, मुद्दाम नाही, आता सवयच झालीय. 'टेंडरली' लागलं. कार्मेन तो शब्द म्हणून टाकून मोकळी होते. आतून, नळाच्या आवाजात, नवऱ्याने पुढचं गुणगुणलं. शेवटचा स्वर लांबवत, थरथरवत, हळूच वर नेऊन. कार्मेनने न म्हटलेलं. साराचं.

मी दारात जाऊन उभी राहिले. त्याला कळलंच नव्हतं आपण काय केलं ते.

वरण_भात_लिंबू
रविवार, रात्री ११:३४

गाण्यात नेमकं कुठे? मलाही ऐकायचंय.

मध्यलय
रविवार, रात्री ११:३६

सुरुवातीची चाल मध्यावर परत येते ना, तिथे. आधी साराचं ऐक, दोन-तीनदा. मग हे लाव.